‘फरक आढळला नाही’ म्हणजे ‘दोन्ही सारखंच’ नव्हे: वजनाच्या ऑपरेशनचे दोन पेपर वाचताना

गेल्या वर्षी माझ्या मामीचं वजनाचं ऑपरेशन करायचं घाटत होतं. वय सत्तेचाळीस, गुडघे दुखतात, मधुमेह आहे, डाएटचे सगळे प्रकार करून झालेले. तिने मला फोन केला, कारण घरात ‘रिसर्च करणारी’ मी एकटीच. म्हणाली, “अगं, स्लीव्ह आणि बायपास अशी दोन ऑपरेशनं असतात म्हणे. तू ते पेपर वगैरे वाचतेस ना? कुठलं चांगलं ते सांग.”

मी डॉक्टर नाही. जैवसांख्यिकीत पीएचडी करते. पण हा विषय आमच्या जर्नल क्लबमध्ये नुकताच झाला होता, त्यामुळे उत्तर तोंडावर होतं. मी म्हणाले, “मामी, मोठे अभ्यास झालेत. पाच वर्षांनी वजनात फरक नाही. दोन्ही सारखीच.”

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. सर्जनने तिला बायपास सुचवलं होतं. मामीचा आवाज जरा चढलेला: “तू तर सारखीच म्हणालीस. मग हा माणूस महागाचं ऑपरेशन का गळ्यात मारतोय? दुसरा डॉक्टर बघते मी.”

मी विचारलं, त्यांनी काय काय तपासलं? तर म्हणाली, एंडोस्कोपी केली, आणि ती रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेते त्याबद्दल खूप वेळ विचारत बसले.

मग मी ते पेपर पुन्हा काढले. या वेळी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सोडून आतलं वाचलं. सर्जनचं बरोबर होतं आणि माझं वाक्य चुकीचं होतं. आकडे मी खोटे सांगितले नव्हते. त्या आकड्यांतून जो अर्थ निघत नाही, तो मी काढला होता. तुमच्यापैकी जे पीएचडी प्रवेशाची तयारी करतायत किंवा पहिल्या वर्षात आहेत, त्यांनी ही चूक माझ्या खर्चाने शिकून घ्यावी, म्हणून हा लेख.

आधी ऑपरेशनं समजून घेऊ

दोन्ही ऑपरेशनं आज दुर्बिणीतून होतात. पोटावर चार-पाच लहान छिद्रं, मोठा छेद नाही.

स्लीव्ह म्हणजे जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उभा कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. आतड्याला हात लावत नाहीत. जठराच्या वरच्या फुगीर भागात भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात बनतं. तो भागच निघून गेल्यामुळे भूकही कमी होते.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अगदी छोटी पिशवी वेगळी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. आतड्याची ही जोडणी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दिसते. सीझर रू या स्विस सर्जनच्या नावावरून तिला रू-एन-वाय म्हणतात.

या लेखापुरतं एवढं लक्षात ठेवा: स्लीव्हची नळी अरुंद असते आणि तिच्यात दाब जास्त राहतो, त्यामुळे आम्ल वर अन्ननलिकेत येण्याची शक्यता वाढते. बायपासमधली छोटी पिशवी आम्ल फारच कमी बनवते. म्हणजे ॲसिडिटीच्या बाबतीत ही दोन ऑपरेशनं एकसारखी वागतील, अशी अपेक्षा शरीररचनेवरूनसुद्धा करता येत नाही.

एकाच अंकातले दोन पेपर

१६ जानेवारी २०१८ चा ‘जामा’चा अंक. त्यात या दोन ऑपरेशनांची तुलना करणाऱ्या दोन यादृच्छिक चाचण्या पाठोपाठ छापल्या आहेत. एक पान २५४ वर संपते, दुसरी २५५ वर सुरू होते.

पहिली फिनलंडची, नाव स्लीव्हपास, पहिल्या लेखिका पॉलिना साल्मिनेन. २४० रुग्ण, २००८ ते २०१० या काळात भरती, सरासरी बीएमआय ४५.९. दुसरी स्वित्झर्लंडची, नाव एसएम-बॉस, पहिले लेखक राल्फ पेटेर्ली. २१७ रुग्ण, २००७ ते २०११ मध्ये भरती, सरासरी बीएमआय ४३.९. दोन्हीत चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक पद्धतीने ठरलं की कोणाला कुठलं ऑपरेशन. दोन्हीत पाच वर्षं पाठपुरावा.

आता निकाल बघा.

स्लीव्हपास: जादा वजनापैकी स्लीव्हनंतर सरासरी ४९ टक्के उतरलं, बायपासनंतर ५७ टक्के. फरक ८.२ टक्के-अंक, ९५ टक्के विश्वास-अंतराल ३.२ ते १३.२.

एसएम-बॉस: स्लीव्हनंतर ६१.१ टक्के, बायपासनंतर ६८.३ टक्के. फरक ७.१८ टक्के-अंक, विश्वास-अंतराल ०.०६ ते १४.३०, आणि अनेक तुलनांसाठी दुरुस्त केलेली पी-व्हॅल्यू ०.२२. (पेपरात फरक उणे चिन्हाने लिहिलाय, कारण तिथे स्लीव्हमधून बायपास वजा केलंय. मी दोन्ही एकाच दिशेने मांडतेय.)

पहिल्यात सुमारे ८, दुसऱ्यात सुमारे ७. दोन देश, वेगवेगळे सर्जन, तरी फरक जवळजवळ तितकाच आणि बाजूही तीच, बायपासची. मग निष्कर्ष काय लिहिले गेले? एसएम-बॉस म्हणतं की पाच वर्षांनी लक्षणीय फरक नाही. स्लीव्हपास म्हणतं की समतुल्यता सिद्ध झाली नाही, बायपासमध्ये वजन जास्त उतरलं, पण आधी ठरवलेल्या मर्यादांनुसार हा फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय नाही.

मी जर्नल क्लबमध्ये ही दोन्ही वाक्यं एकत्र करून ‘फरक नाही’ असं एकच वाक्य बनवलं होतं. आमचे गाइड तेव्हा फक्त एवढंच म्हणाले होते, “किती फरक नाही?” मला वाटलं, सर गंमत करतायत.

टक्के, पण कशाचे?

पुढे जाण्याआधी हे ८ टक्के-अंक म्हणजे नेमकं काय, ते किलोत काढू. वही घ्या, खरंच घ्या.

‘जादा वजन’ म्हणजे रुग्णाचं सध्याचं वजन वजा बीएमआय २५ ला येणारं वजन. एक बाई धरा, उंची १६० सेंटिमीटर, बीएमआय ४५.९, म्हणजे स्लीव्हपासची सरासरी. १.६ चा वर्ग २.५६. वजन आलं ११७.५ किलो. बीएमआय २५ ला वजन ६४ किलो. जादा वजन ५३.५ किलो. त्याचे ४९ टक्के म्हणजे २६ किलो, ५७ टक्के म्हणजे ३०.५ किलो. फरक साडेचार किलोच्या आत. विश्वास-अंतरालाची टोकं धरली तर पावणेदोन किलो ते सात किलो.

आता तुम्हाला ठरवता येईल की हा फरक तुमच्या मते मोठा की छोटा. ११७ किलोच्या माणसाला २६ उतरले काय आणि ३०.५ उतरले काय, असं कोणी म्हणेल. गुडघ्याला विचाराल तर तो वेगळं सांगेल. पण निदान आता आपण एका खऱ्या गोष्टीबद्दल बोलतोय.

हे मोजमाप किती हलतं तेही बघा. आशियाई लोकांसाठी वजनाची मर्यादा बीएमआय २३ धरण्याची पद्धत आहे. त्याच बाईसाठी २५ ऐवजी २३ घेतलं तर जादा वजन ५३.५ वरून ५८.६ किलो होतं, आणि तेच उतरलेले २६ किलो ४९ टक्क्यांऐवजी ४५ टक्के भरतात. बाई तीच, ऑपरेशन तेच, किलो तेच. म्हणून भारतातला एखादा पेपर आणि फिनलंडचा पेपर शेजारी ठेवून टक्के ताडून बघायचे असतील, तर आधी दोघांनी २५ घेतलं की २३, ते शोधा.

दुसरी अडचण. बीएमआय ३५ असलेल्या, १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं जादा वजन २५.६ किलो. त्याने १५ किलो उतरवले की ५९ टक्के झाले. बीएमआय ५० असलेल्याचं जादा वजन ६४ किलो. त्याने २५ किलो उतरवले तरी ३९ टक्केच. दहा किलो जास्त उतरवूनही दुसरा माणूस कागदावर मागे. सुरुवातीच्या एकूण वजनाचे टक्के काढले तर पहिला सुमारे १७ टक्के आणि दुसरा साडेएकोणीस टक्के, म्हणजे क्रम उलटा! स्विस चाचणीतले आकडे फिनिश आकड्यांपेक्षा वरचे दिसतात, त्यामागे सुरुवातीचा बीएमआय कमी असणं हेही एक कारण असू शकतं. म्हणून ६१ आणि ४९ ची तुलना करून ‘स्विस सर्जन भारी’ असं म्हणू नका. प्रत्येक चाचणीच्या आतला फरक तेवढा ताडून बघा.

एका शब्दाची दोन कामं

आता मुख्य तक्रार.

दोन उपचारांमधल्या फरकाबद्दल तीन वेगळे प्रश्न विचारता येतात.

एक: फरक शून्य असू शकतो का? विश्वास-अंतरालात शून्य आहे का, ते बघायचं.

दोन: फरक इतका छोटा आहे का, की दोन्ही उपचार समतुल्य मानता येतील? त्यासाठी किती फरक ‘नगण्य’ मानायचा ते आधी ठरवावं लागतं. स्लीव्हपासने ही मर्यादा दोन्ही बाजूंना ९ टक्के-अंक ठरवली होती. पूर्ण विश्वास-अंतराल उणे ९ ते अधिक ९ च्या आत बसलं, तरच समतुल्य.

तीन: फरक त्या मर्यादेच्या नक्की बाहेर आहे का? त्यासाठी पूर्ण अंतराल ९ च्या पलीकडे हवं.

स्लीव्हपासचं अंतराल ३.२ ते १३.२. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शून्य त्यात नाही, म्हणजे बायपासमध्ये वजन जास्त उतरतं याला चांगला पुरावा आहे. दुसऱ्याचं उत्तर: वरचं टोक ९ च्या बाहेर, म्हणजे समतुल्यता सिद्ध नाही. तिसऱ्याचं उत्तर: खालचं टोक ९ च्या आत, म्हणजे फरक ‘नगण्य नाही’ हेही सिद्ध नाही.

तिन्ही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत, त्यांच्यात भांडण नाही. गोंधळ होतो तो निष्कर्षाच्या वाक्यात. ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय नाही’ हा शब्दप्रयोग ९९ टक्के वाचक पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचतात. त्या पेपरात तो तिसऱ्या प्रश्नासाठी वापरलाय. ‘आधी ठरवलेल्या मर्यादांनुसार’ हे शब्द तिथे आहेत, त्यामुळे लेखकांना खोटं ठरवता येत नाही. पण घाईत वाचणारा ते शब्द ओलांडून जातो. मीही ओलांडून गेले.

‘वजन बायपासमध्ये जास्त उतरलं. तो फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा इतका मोठा आहे की नाही, हे या चाचणीतून ठरत नाही,’ असं लिहिलं असतं तर? दोन वाक्यं, एकही तांत्रिक शब्द नाही.

आणि ही ९ ची मर्यादा तरी का? ९ म्हणजे आपल्या उदाहरणातले पावणेपाच किलो. पाच का नाही, बारा का नाही? समतुल्यतेची चाचणी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, कारण मर्यादा जितकी रुंद तितकं ‘सारखंच’ म्हणणं सोपं. इथे एक गोष्ट लेखकांच्या बाजूची: मर्यादा आधी ठरवली, आणि निकाल तिच्यात बसला नाही तेव्हा ते तसं छापलं. मागाहून ९ चे १४ करणारे महाभाग संशोधनात नाहीत असं नाही.

स्विस पेपरातली विसंगती

एसएम-बॉसची ती ओळ पुन्हा वाचा. विश्वास-अंतराल ०.०६ ते १४.३०, पी-व्हॅल्यू ०.२२. काही खटकतंय का?

९५ टक्के अंतरालात शून्य नसेल तर त्याच तुलनेची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली यायला हवी. इथे शून्य बाहेर आहे, अगदी केसभर, पण बाहेर. मग ०.२२ कुठून आली? पी-व्हॅल्यू अनेक तुलनांसाठी दुरुस्त केली आहे, अंतराल केलेलं नाही. एकाच ओळीत दोन वेगवेगळ्या नियमांनी मोजलेले आकडे शेजारी बसलेत.

अनेक तुलना केल्या की योगायोगाने एखादी ‘लक्षणीय’ निघते, म्हणून दुरुस्ती करतात. हेतू चांगलाच आहे. पण मुख्य निष्पत्ती आधीच एक ठरवलेली असेल तर तिला ही दुरुस्ती किती लावायची, हा वादाचा मुद्दा आहे. जर्नल क्लबमध्ये हा प्रश्न जरूर उपस्थित करा. निदान अंतराल आणि पी-व्हॅल्यू एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा थांबा आणि मेथड्स विभाग उघडा.

आणि दुरुस्त पी-व्हॅल्यू मान्य केली, तरी ‘फरक सिद्ध झाला नाही’ एवढंच म्हणता येतं. ‘फरक नाही हे सिद्ध झालं’ असं नाही. आपल्याकडे कोर्टाच्या बातम्यांत ‘पुराव्याअभावी सुटका’ असं छापून येतं ना, तसं. सुटला म्हणजे त्याने केलंच नाही असं कोर्टाने शोधून काढलेलं नसतं. डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड यांनी १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नेमक्या याच चुकीवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. एका बैठकीत वाचून होतं. मी ते एम.एस्सी.ला वाचलं होतं, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं, आणि तरी मामीला फोनवर तेच बोलले.

याचा पुढचा भाग तर शिकवण्यासाठी मुद्दाम रचल्यासारखा आहे. २०२१ मध्ये दोन्ही गटांनी आपापले रुग्ण एकत्र केले, एकूण ४५७, आणि ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये विश्लेषण छापलं. फरक आला ७.० टक्के-अंक, अंतराल ३.५ ते १०.५, पी-व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी. नवा एकही रुग्ण नाही, नवं एकही ऑपरेशन नाही. तीच माणसं, तोच पाठपुरावा. फक्त संख्या वाढल्यामुळे अंतराल आक्रसलं, आणि २०१८ मधला ‘लक्षणीय फरक नाही’ २०२१ मध्ये ‘नक्की फरक आहे’ झाला. फरक स्वतः मात्र ७-८ च्या आसपासच राहिला. तुमचं लक्ष पी-व्हॅल्यूवर असेल तर शास्त्रज्ञांनी मत बदललं असं वाटेल. अंतरालावर असेल तर तिन्ही पेपर एकच गोष्ट सांगतायत हे दिसेल.

हाच न्याय उलट्या बाजूनेही लावा

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे बायपासच चांगलं. थांबा. मी स्वतः दुसऱ्यांदा तिथेच घसरणार होते.

स्लीव्हपासमध्ये पाच वर्षांत गुंतागुंत स्लीव्हनंतर १९ टक्के, बायपासनंतर २६ टक्के. ‘फरक लक्षणीय नाही’, पी ०.१९. एसएम-बॉसमध्ये पुन्हा ऑपरेशन किंवा हस्तक्षेप लागले ते १५.८ आणि २२.१ टक्के. पुन्हा ‘फरक नाही’. पण बघा, दोन्हीकडे फरक सहा-सात अंकांचा आणि एकाच दिशेने. एकत्रित विश्लेषणात बायपासनंतर गुंतागुंत जास्त असंच निघालं. वजनाच्या बाबतीत ‘फरक नाही’वर आपण चिडलो, मग गुंतागुंतीच्या ‘फरक नाही’वर समाधान मानायचं, हे चालणार नाही.

मधुमेहाचा आकडा तर याहून नाजूक. स्लीव्हपासमध्ये मधुमेह पूर्ण किंवा अंशतः आटोक्यात आला तो स्लीव्हनंतर ४१ पैकी १५ जणांचा आणि बायपासनंतर ४० पैकी १८ जणांचा. ३७ आणि ४५ टक्के. ‘फरक आढळला नाही’ हे वाक्य इथेही आहे. दोन प्रमाणांमधल्या फरकाचं अंतराल काढायचं साधं सूत्र तुम्हाला येतंच. मी कच्चा हिशेब केला: फरक ८ अंकांचा, अंतराल साधारण उणे १३ ते अधिक ३०. म्हणजे स्लीव्ह १३ अंकांनी सरस असेल इथपासून बायपास ३० अंकांनी सरस असेल इथपर्यंत काहीही या आकड्यांशी सुसंगत आहे. ८१ माणसांवर याहून जास्त कळणारही नव्हतं. ही चाचणी वजनासाठी आखली होती, मधुमेहासाठी नव्हे.

मामीला मधुमेह आहे. तिने विचारलं असतं, तर मी हे वाक्यही बिनधास्त ‘सारखंच’ म्हणून सांगितलं असतं.

मामीचं उत्तर कुठे होतं?

ते मुख्य निष्पत्तीत नव्हतंच. एसएम-बॉसने सहव्याधींमधले बदल ‘शोधक’ निष्पत्ती म्हणून नोंदवले होते. तिथे आम्लपित्ताची, म्हणजे रिफ्लक्सची नोंद आहे. आधीपासून रिफ्लक्स असलेल्यांपैकी बायपासनंतर ६०.४ टक्के लोकांचा त्रास गेला, स्लीव्हनंतर २५ टक्के लोकांचा. त्रास वाढला तो स्लीव्हनंतर ३१.८ टक्के लोकांचा, बायपासनंतर ६.३ टक्के.

शोधक निष्पत्ती जपून वाचायच्या असतात, हे खरं. शिवाय कुठलं ऑपरेशन झालं ते रुग्णाला माहीत असेल, तर ‘जळजळ होते का’ या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचा परिणाम होऊ शकतो. वजनकाट्याचं तसं नसतं. पण इथे फरक पाचपट आहे, शरीररचनेवरून जी अपेक्षा होती त्याच दिशेने आहे, आणि पुढे दुसऱ्या देशात, दुसऱ्या मोजमापाने तो पुन्हा दिसला. स्लीव्हपासचे दहा वर्षांचे निकाल २०२२ मध्ये ‘जामा सर्जरी’त आले. त्यात १७६ जणांची एंडोस्कोपी केली होती. अन्ननलिकेला सूज स्लीव्हनंतर ३१ टक्के लोकांना, बायपासनंतर ७ टक्के. हे रुग्णाने सांगितलेलं लक्षण नाही, दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याच पेपरात एक दिलासाही आहे: बॅरेट नावाचा, कर्करोगाची शक्यता वाढवणारा बदल दोन्ही गटांत सारखाच, ४ टक्के होता. आधीच्या काही निरीक्षणात्मक अभ्यासांनी स्लीव्हबद्दल बरीच जास्त भीती घातली होती.

दहा वर्षांनी वजनाचा फरक? ८.४ टक्के-अंक, अंतराल ३.१ ते १३.६, बायपासच्या बाजूने. पाच वर्षांचा आकडा पुन्हा वर जाऊन बघा. जवळजवळ जागचा हललेला नाही. पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण १५.७ आणि १८.५ टक्के.

म्हणजे ‘कुठलं चांगलं?’ हा मामीचा प्रश्न मुळात अर्धा होता, आणि मी तो पूर्ण करून घ्यायला हवा होता: कोणासाठी चांगलं? रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्या बाईसाठी सरासरी वजनाच्या फरकापेक्षा रिफ्लक्सची ओळ जास्त मोलाची. सर्जनला ते माहीत होतं. एंडोस्कोपी करून तो प्रश्न पूर्ण करत होता. आणि मी मात्र माझ्या ‘सारखीच’ या एका शब्दाने मामीच्या मनात त्याच्याबद्दल संशय पेरून ठेवला होता.

फिनलंडचं इथे किती लागू?

हा प्रश्न टाळून समीक्षा पूर्ण होत नाही. त्या दोन्ही चाचण्यांतले रुग्ण युरोपातले, सरासरी बीएमआय ४४ ते ४६. आशियाई लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेह गाठतो, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करायला सांगितलंय. अशा रुग्णात ‘जादा वजन’च कमी, तिथे ८ टक्के-अंक म्हणजे किती किलो? वर दिलेल्या पद्धतीने काढून बघा. दीड किलोही भरत नाही, मर्यादा २३ धरली तरी.

दुसरं म्हणजे बी-१२. बायपासमध्ये अन्न जठराचा मोठा भाग टाळून जातं, त्यामुळे बी-१२ शोषलं जाणं घटतं आणि गोळ्या किंवा इंजेक्शनं आयुष्यभर लागतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या बी-१२ च्या कमतरतेवर वर्षानुवर्षं काम केलंय. ज्या समाजात शाकाहारामुळे मुळातच बी-१२ कमी, तिथे बायपासची ही किंमत फिनलंडइतकीच असेल असं गृहीत धरू नये. तुमच्यापैकी कोणी विषय शोधत असेल तर इथे खरा विषय आहे.

आणि पाठपुरावा. स्लीव्हपासमध्ये पाच वर्षांनी ८०.४ टक्के लोक आले, एसएम-बॉसमध्ये ९४.५ टक्के. जो येत नाही त्याचं वजन पुन्हा वाढलंय म्हणून तो येत नसेल का? आकड्यांतून हे कळत नाही. आपल्याकडे एखादी अशीच चाचणी करायची झाली, तर गावाहून पाच वर्षं दरवर्षी पुण्या-मुंबईला कोण येईल, याचं उत्तर प्रस्तावातच लिहावं लागेल.

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा

मी आता ‘फरक नाही’ असं वाक्य दिसलं की चार गोष्टी करते. विश्वास-अंतरालाची दोन्ही टोकं वहीत लिहिते. ती टोकं किलोत, दिवसांत, माणसांत, जे खरं एकक असेल त्यात बदलते. वाईट टोक खरं निघालं तर मला चालेल का, हे विचारते. नाही चालणार, तर ‘सारखंच’ हा शब्द वापरत नाही. आणि शेवटी, विचारणाऱ्याला खरं काय जाणून घ्यायचंय ते पेपरात कुठल्या तक्त्यात आहे, ते शोधते. बऱ्याचदा ते अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये नसतं.

मामीला मी फोन केला. म्हटलं, “मामी, मी चुकले. दोन्ही सारखी नाहीत. सरासरी वजनात थोडा फरक आहे, तुझ्या ॲसिडिटीत मोठा फरक पडू शकतो, आणि बायपासमध्ये गुंतागुंत जरा जास्त आहे. त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि हे तीन प्रश्न विचार.” ती म्हणाली, “हे आधी नाही का सांगायचंस?”

सांगायला हवं होतं. गाइडनी तर जर्नल क्लबमध्येच विचारलं होतं, किती फरक नाही.